उद्योगपती खासदार होतो तेव्हा : वर्ध्याचे कमलनयन बजाज आणि आपण सांगली-सातारकर

हळकुंड (सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज वेळ काढून लिहितोय.

आमचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे. आजोबांपासूनचं, हळदीचं. निवडणूक जवळ आली की दुकानातल्या गादीवर एकच विषय रंगतो : 'आपला माणूस दिल्लीत पाहिजे. व्यापारातला, ज्याला हिशेब कळतो असा.' गेल्या आठवड्यात एक ज्येष्ठ व्यापारी हेच तावातावाने बोलत होते. मी विचारलं, 'काका, असा माणूस आपल्या महाराष्ट्रानं कधी पाठवलाय का? आणि पाठवला तर तो किती टिकला?' कोणालाच पटकन नाव सुचेना. मग मीच शोधायला बसलो, आणि कमलनयन बजाज यांच्यापाशी येऊन थांबलो.

थोडक्यात सांगतो. जन्म १९१५ चा. वडील जमनालाल बजाज. हे जमनालाल वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आलेले. गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी १९२८ ला दलितांसाठी खुलं केलं, गांधीजी वर्ध्याला आले आणि १९३६ ला सेवाग्रामला राहायला गेले, तेही त्यांच्यामुळेच. कमलनयन या वातावरणात वाढले. घरात पेढी, आणि अंगणात विनोबा. १९४२ च्या फेब्रुवारीत जमनालालजी अचानक गेले तेव्हा कमलनयन २७ वर्षांचे होते. साखर कारखाना, कापूस, पोलाद, सगळा पसारा अंगावर आला. १९४५ ला पुढे बजाज ऑटो झालेली कंपनी निघाली. सुरुवातीला बाहेरून गाड्या आणून विकायच्या. १९५९ ला स्कूटर आणि तीनचाकी इथंच बनवायचं लायसन्स सरकारनं दिलं.

आता तारखा नीट बघा. १९५७ ला हा माणूस वर्ध्यातून लोकसभेवर निवडून आला होता. म्हणजे लायसन्स मिळालं तेव्हा तो सत्ताधारी पक्षाचा खासदार होता. १९६२ ला पुन्हा, १९६७ ला पुन्हा. तीन निवडणुका, एकच मतदारसंघ, १९७० च्या डिसेंबरमध्ये लोकसभा विसर्जित होईपर्यंत सलग साडेतेरा वर्षं. त्यांच्या आधी १९५२ ला तिथून श्रीमन्नारायण निवडून आले होते, म्हणजे त्यांचे मेहुणेच. घरातली जागा म्हणा हवं तर.

मला भावलं ते शेवटचं वळण. १९६९ ला काँग्रेस फुटली. जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, मक्तेदारीविरोधी कायदा येत होता, कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली होती. अशा वेळी कुठलाही कारखानदार कुठे उभा राहील? ज्याच्या सहीवर आपलं मशीन चालतं त्याच्या बाजूला. हे संघटना काँग्रेसमध्ये गेले, म्हणजे इंदिरा गांधींच्या समोरच्या बाजूला. १९७१ ला वर्ध्याची जागा इंदिरा काँग्रेसनं जिंकली. १९७२ ला कमलनयनजी वारले. वय ५७.

मी भारावून लिहितोय हे मला कळतंय, पण मला खरंच हे मोठं वाटतं. तुमचं काय म्हणणं?

अजिंक्यतारा (सातारा)

हळकुंडदादा, लेख आवडला. पण १९५७ म्हटलं की आम्हा सातारकरांना दुसरंच नाव आठवणार. ज्या निवडणुकीत वर्ध्यानं कारखानदार पाठवला, त्याच निवडणुकीत साताऱ्यानं क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं! संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. एका जिल्ह्यातून पेढीवर बसलेला माणूस जातो, दुसऱ्या जिल्ह्यातून प्रतिसरकार चालवलेला, धोतर-फेट्यातला माणूस जातो, आणि दोघं एकाच सभागृहात बसतात. मला हे चित्र फार आवडतं.

आणि उद्योगातून राजकारणात गेलेला माणूस म्हणाल तर तो आमच्या गावातच आहे. सर धनजीशा कूपर. साताऱ्याचे पारशी. लोखंडी नांगर काढले, पुढे डिझेल इंजिनं. सातारा रोड स्टेशनाजवळचा कारखाना ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. जिल्हा लोकल बोर्डात काम केलं, मग मुंबईच्या विधिमंडळात गेले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष झाली, पण गव्हर्नरांनी कारभारात ढवळाढवळ करणार नाही असं आश्वासन द्यावं म्हणून काँग्रेसनं सत्ता घ्यायचं नाकारलं. तेव्हा १ एप्रिल १९३७ ला प्रांताचे पंतप्रधान झाले ते आपले कूपर. हो, तेव्हा प्रांताच्या मुख्यालाही पंतप्रधानच म्हणत. १९ जुलैला बाळासाहेब खेर आले आणि हे पायउतार झाले.

साडेतीन महिने. आमच्या गावच्या पोरांना हे माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. कूपर इंग्रजांच्या मर्जीतले होते, लोकांचा कौल त्यांच्या बाजूला नव्हता, हे सगळं मान्य. पण साताऱ्याच्या मातीत कारखाना उभा करून तिथपर्यंत गेलेला माणूस म्हणून त्यांची ओळख तरी हवी.

बेदाणा (तासगाव)

मी जास्त शिकलेला नाही, शेतकरी माणूस हाय. पण एक सांगतो. खासदार व्यापारी हाय का मास्तर हाय यानं मला काय फरक पडत नाय. त्याला माझा माल कळतो का, एवढंच मी बघतो.

द्राक्ष तोडलं की आम्ही ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो, शेडमध्ये जाळीवर पसरतो. पंधरा दिवस ऊन-वारा सांभाळायचा. एक पाऊस आला की रंग गेला. हिरवा माल काळा पडला की दर निम्म्यावर. मग झाडायचा, निवडायचा, १५ किलोच्या बॉक्समध्ये भरायचा, कोल्ड स्टोरेजला लावायचा. आता हे सगळं केल्यावर तो बेदाणा शेतमाल राहिला का प्रक्रिया केलेला माल झाला? या एका प्रश्नावर आमची कित्येक वर्षं गेली. शेतकऱ्याला जीएसटी लागतो का नाही, कुणी धड सांगेना. मी एकदा एका कार्यालयात विचारायला गेलो तर मला तीन टेबलं फिरवली आणि तिन्ही टेबलांवर तीन उत्तरं मिळाली.

शेवटी २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरच्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत स्पष्ट झालं की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही. दोन ओळींचा खुलासा. पण त्या दोन ओळी यायला इतकी वर्षं का लागली? दिल्लीत कुणाला तरी हे जाळीवरचं काम डोळ्यांसमोर दिसायला पाहिजे होतं. मला तसा खासदार पाहिजे.

कृष्णाकाठ (कराड)

बेदाणादादांनी मुद्द्याला हात घातला. मी वकिली करते, तर कायद्याच्या बाजूनं थोडं लिहिते, कारण 'व्यापारी खासदार' म्हटलं की लोकांना वाटतं त्याला सगळं रान मोकळं असतं. तसं नाही. आणि पूर्ण बंदही नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९ अ. सरकारला माल पुरवायचा किंवा सरकारचं काम करायचा करार ज्याच्या नावावर चालू आहे, तो अपात्र ठरतो. पण कुठलं सरकार? खासदारकीसाठी केंद्र सरकार. राज्य सरकारच्या रस्त्याचं कंत्राट त्याच्या आड येत नाही. आणि करार व्यक्तीच्या नावावर न होता कंपनीच्या नावावर असेल तर निव्वळ शेअर असल्यानं सहसा हे कलम लागत नाही. म्हणजे ज्याचा धंदा छोटा आणि स्वतःच्या नावावर, तो अडकतो. ज्याचा मोठा आणि कंपनीचा, तो सुटतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

दुसरं, लोकसभेचा नियम ३७१. सभागृहात मतविभाजन झालं आणि एखाद्या सदस्याचा त्या विषयात थेट पैशाचा संबंध असेल, तर दुसरा सदस्य त्याच्या मतावर हरकत घेऊ शकतो. शेवटचा निर्णय अध्यक्षांचा. राज्यसभेत तर नियम २९३ खाली नोंदवहीच आहे. कुठल्या कंपनीचं पगारी संचालकपद आहे, कुठे नियंत्रण राहील इतके शेअर आहेत, कुठून सल्लागाराची फी मिळते, हे सगळं सदस्यानं नोंदवायचं. उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं ते २००३ पासून.

आता हळकुंडदादांना विचारते. १९५७ ते १९७० या काळात यातलं किती होतं? प्रतिज्ञापत्र नव्हतं, नोंदवही नव्हती. एक माणूस सत्ताधारी बाकावर बसलाय, त्याच्या कंपनीला १९५९ ला लायसन्स मिळतंय, आणि कुठला कारखाना किती माल काढणार हे ठरवणारा १९५१ चा उद्योग कायदा हंगामी संसदेनं केलेला असला, तरी तो बदलायचा अधिकार त्याच सभागृहाचा. मी आरोप करत नाहीये. कमलनयनजींनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्यापाशी काही नाही. पण मतदाराला हे तपासायची सोय नव्हती. त्याला फक्त विश्वास ठेवता येत होता. जमनालालजींच्या मुलावर वर्ध्यानं तो ठेवला. उद्या आपण ज्याला पाठवू त्याचे वडील जमनालाल नसतील, हे लक्षात ठेवून बोलायला हवं.

हळकुंड (सांगली)

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरं आहे. मी त्यांची हिंमत बघत होतो, तुम्ही ती व्यवस्था बघताय.

तरी एक विचारतो. लायसन्सच्या जमान्यात कारखानदारानं सरकारच्या बाजूला राहणं सोपं होतं. स्कूटरची किंमत किती, कुणाला किती मिळणार, यावर सरकारचा ताबा. किती नग काढायचे ते लायसन्समध्ये लिहिलेलं. अशा माणसानं १९६९ ला सरकारची बाजू धरली नाही, याला काहीच किंमत नाही का?

जुना_माणूस (सांगली)

किंमत आहे. पण थोडी कमी करून घ्या.

मी तेव्हा विलिंग्डन कॉलेजात होतो. फूट आम्ही रेडिओवर ऐकली, वर्तमानपत्रात वाचली. त्या वेळी सगळ्यांना वाटत होतं की जुनी काँग्रेसच टिकणार. मोरारजीभाई, निजलिंगप्पा, कामराज, सगळी जड माणसं तिकडेच. पैसेवालेही बरेच तिकडे होते. इंदिराबाईंचं काय होणार, असं आमचे प्राध्यापक म्हणायचे. म्हणजे त्या घडीला संघटना काँग्रेसमध्ये जाणं म्हणजे विहिरीत उडी मारणं नव्हतं. १९७१ चा निकाल लागला, ३५२ विरुद्ध १६, तेव्हा कळलं की विहीर किती खोल होती.

मला त्यांच्याबद्दल आदर आहे, अनादर नाही. फक्त नंतर काय झालं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून आधीच्या माणसाला आपण शूर किंवा मूर्ख ठरवतो. त्यांनी आपल्या वडिलांच्या माणसांबरोबर राहायचं ठरवलं, मला एवढंच दिसतं. तेही थोडं नाही.

शुभांगी_वाई

जुना_माणूस काका, शेवटचं वाक्य फार पटलं.

पुढच्या पिढीचंही कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. कमलनयनजींचे पुत्र राहुल बजाज २००६ ला राज्यसभेवर गेले. प्रमोद महाजनांच्या निधनानं रिकामी झालेली जागा. अपक्ष म्हणून, पण पाठिंबा राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप असा तिन्हीकडून. २०१० पर्यंत होते. वडील लोकांमधून तीनदा निवडून आले, मुलगा आमदारांच्या मतांवर एकदा. माझ्या मते फरक इथेच आहे. लोकसभेला उभं राहायचं तर सेलू, आर्वी, हिंगणघाट सगळीकडे जावं लागतं, कापसाचा भाव विचारणाऱ्या शेतकऱ्याला उत्तर द्यावं लागतं. राज्यसभेत ती धूळ पायाला लागत नाही. म्हणून 'व्यापारी दिल्लीत' म्हणताना आधी ठरवा, कुठल्या दारानं?

माणदेशी (आटपाडी)

आमच्याकडे चारा छावणी, टँकर हेच विषय. पण एक प्रश्न. खासदाराला एवढं मोठं समजतो आपण, त्याच्या हातात असतं तरी काय? निधीशिवाय?

कृष्णाकाठ (कराड)

माणदेशी, निधी वर्षाला ५ कोटी. ही योजना १९९३ ची, कमलनयनजींच्या काळात नव्हतीच. त्यांच्या हातात होता तो प्रश्न, भाषण आणि मत. आजही खरी ताकद प्रश्नातच आहे असं मी मानते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर लगेच पुरवणी प्रश्न विचारता येतो. लोकसभेत दिवसाला असे फक्त २० येतात, आणि त्यातलेही पहिले काही सोडले तर बाकीच्यांपर्यंत वेळच पोचत नाही. अतारांकित २३०, त्यांना लेखी उत्तर. नोटीस साधारण १५ दिवस आधी. नंबर सोडतीनं लागतो, त्यामुळे प्रश्न नेमका असावा लागतो. पसरट प्रश्नाला पसरट उत्तर मिळतं.

हळकुंड (सांगली)

ताई, हे वाचून मला दुकानातली एक गोष्ट आठवली.

सौद्याच्या वेळी पोत्यातला नमुना ओट्यावर ओततात. नवीन माणूस रंग बघतो. मुरलेला व्यापारी एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. टक असा आवाज आला पाहिजे. आत केशरी गाभा दिसला पाहिजे. आवाज मऊ आला तर माल ओला आहे, महिन्याभरात वजनात तूट येणार. मग गट्टू, म्हणजे हळदीचे गोल गड्डे, वेगळे काढून बघतो, त्यांचं प्रमाण किती. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात तो शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाची किंमत सांगतो. माझे आजोबा म्हणायचे, हळकुंड मोडल्याशिवाय बोली लावू नये.

तसा प्रश्न आपल्याकडून दिल्लीत गेला होता का? राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ ला निजामाबादला सुरू झालं. सांगलीची हळद सगळ्या देशात ओळखली जाते, २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध, आणि मंडळ तिकडं. यार्डात यावर खूप राग आहे, मलाही आहे. पण निजामाबादच्या शेतकऱ्यांनी काय केलं ते बघा. २०१९ ला हळद मंडळाच्या मागणीसाठी पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी स्वतः लोकसभेला उभे राहिले. एकूण १८५ उमेदवार. सगळ्या देशाला त्यांची दखल घ्यावी लागली. आम्ही गादीवर बसून 'आपला माणूस पाहिजे' म्हणत राहिलो. त्यांनी शंभरावर माणसं उभी केली.

जुना_माणूस (सांगली)

हरिपूरच्या पेवांचं नाव काढलंत म्हणून राहवलं नाही. जमिनीत पंधरा-वीस फूट खोल खड्डा, आतून शेणानं सारवलेला, त्यात पाला-चगाळ घालून हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं कीड नाही, रंग नाही जात. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरलं आणि बरीच पेवं गेली. २०१९ ला पुन्हा. आता सगळे कोल्ड स्टोरेज आणि गोदामाकडे वळले. कोणा खासदारानं या पेवांबद्दल लोकसभेत विचारलेलं मला आठवत नाही.

बेदाणा (तासगाव)

मग आता आपणच विचारायचं. ताई, तुम्ही मसुदा करा. खासदार कोण हाय, कुठल्या पक्षाचा हाय, ते नंतर.

कृष्णाकाठ (कराड)

चालेल. कच्चा मसुदा टाकते, सुधारणा सुचवा. वाणिज्य मंत्र्यांना उद्देशून :

(क) राष्ट्रीय हळद मंडळाच्या कामात सांगली बाजारपेठेचा समावेश कोणत्या स्वरूपात आहे;

(ख) हरिपूर येथील पारंपरिक पेवांच्या पुरामुळे झालेल्या नुकसानीची केंद्रानं पाहणी केली आहे का, असल्यास त्याचा तपशील;

(ग) भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर सांगलीच्या हळदीच्या निर्यातीत वर्षनिहाय किती वाढ झाली;

(घ) वरील कामासाठी किती निधी मंजूर झाला आणि किती खर्च झाला?

बेदाण्याचा प्रश्न अर्थ मंत्रालयाकडे जाईल, तो वेगळा करू. तासगावच्या शेतकऱ्यांनी खुलाशानंतरही नोटिसा येतात का ते मला कळवा, त्याप्रमाणे शब्द घालते.

अजिंक्यतारा (सातारा)

(ख) मध्ये 'पाहणी केली आहे का' असं विचारलं की 'नाही' एवढंच उत्तर येईल. 'केली नसल्यास कधी करणार' हे जोडा ताई.

हळकुंड (सांगली)

जोडा. आणि रविवारी यार्ड बंद असतं, दुकान रिकामं मिळेल. दहा वाजता या. जुने काका, तुम्हाला घ्यायला मी येतो. पेवाचा एक जुना फोटो आहे आमच्याकडे, आजोबा वाकून आत बघतायत असा. तोही सोबत लावू.